तणमोर : खरीप हंगामातील माळरानाचा पाहुणा

आपल्याकडे मृगाचा पाऊस पडून माळ हिरवे झाले की शेतकरी डवरणी, निंदणी आणि खत देण्याच्या कामाला लागतो. नेमक्या याच काळात कोंबडीएवढा एक पक्षी गवताळ माळावर आणि त्याला लागून असलेल्या सोयाबीन, मूग, उडीद, ज्वारी व कपाशीच्या शेतात आपला संसार थाटतो. त्याचे नाव तणमोर. पश्चिम विदर्भातील अकोला व वाशीम जिल्ह्यांच्या माळरानांत तो आजही तुरळक आढळतो. अनेक शेतकऱ्यांच्या वावरात तो येऊन जातो, पण ओळख नसल्याने 'तितरासारखे काही उडाले' एवढेच म्हणून विषय संपतो.

हा पक्षी झाडावर बसत नाही, झाडावर घरटेही करीत नाही. त्याचे खाणे, वीण व पिल्लांचे संगोपन हे सर्व जमिनीवर आणि मुख्यतः पावसाळ्यातच पार पडते. त्यामुळे गवत केव्हा कापायचे, फवारणी केव्हा करायची, सोंगणी कोठून सुरू करायची हे शेतकऱ्याचे साधे निर्णय त्याच्या पिल्लांचे भवितव्य ठरवितात. या लेखात तणमोराचे जीवनक्रम आणि सवयी यांची माहिती देऊन, आपल्या उत्पन्नाला धक्का न लावता त्याला कसे सांभाळता येईल याचा विचार केला आहे.

ओळख कशी पटवावी?

तणमोर हा माळढोकाच्या कुळातील पक्षी असून या कुळातील भारतात आढळणारा तो सर्वात लहान पक्षी होय. त्याचे शास्त्रीय नाव सिफिओटायडिस इंडिकस असे आहे. हिंदीत त्याला खरमोर, तर गुजरातीत खडमोर म्हणतात. तण, खर आणि खड या तिन्ही शब्दांचा रोख गवताकडेच आहे. म्हणजे तिन्ही भाषांतील शेतकऱ्यांनी त्याला 'गवतातला मोर' असेच नाव दिले आहे.

त्याची लांबी साधारण ४५ ते ५० सें.मी. व वजन सुमारे अर्धा किलो असते. मान लांब व सडपातळ, पाय उंच आणि पिवळसर असतात. पायाला पुढची तीनच बोटे असतात, मागचे बोट नसते. त्यामुळे फांदी पकडून बसणे त्याला शक्य होत नाही. कोंबडा-कोंबडीच्या उलट येथे मादी नरापेक्षा थोडी मोठी असते.

मादीचा रंग वर्षभर वाळलेल्या गवतासारखा पिवळट तपकिरी असून त्यावर काळ्या रेषा व ठिपके असतात. नरही एरवी बराचसा तसाच दिसतो. पावसाळ्यात मात्र नराचे रूप पालटते. डोके, मान व पोट काळेभोर होते, हनुवटीखाली पांढरा डाग आणि पंखांवर ठळक पांढरा पट्टा दिसतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मागे वळलेली, टोकाशी चमच्यासारखी रुंद झालेली तारेसारखी पिसे येतात. अशी पिसे असलेला काळा-पांढरा पक्षी पावसाळ्यात गवतात दिसला तर तो तणमोर नर समजावा.

तितर व लावा यांच्याशी मादीची गल्लत होते. तितर आखूड मानेचा, गोल अंगाचा असतो आणि बहुधा जोडीने किंवा थव्याने धावतो. लावा त्याहून पुष्कळच लहान असतो. तणमोराची मादी लांब मानेची, उंच पायांची आणि एकटी असते. टिटवी जवळ गेल्यावर आरडाओरड करते, तर तणमोर गुपचूप दबकून बसतो. अगदी पाय पडण्याची वेळ आली म्हणजेच तो उडतो.

आढळ आणि निवासस्थान

तणमोर हा भारतीय उपखंडाचाच रहिवासी आहे. त्याची वीण प्रामुख्याने गुजरात, राजस्थानचा आग्नेय भाग, मध्य प्रदेशचा पश्चिम भाग आणि महाराष्ट्रात पश्चिम विदर्भ या पट्ट्यात होते. पावसाळा संपला की हे पक्षी विखुरतात व दक्षिणेकडील कोरड्या माळांवर जातात. त्या काळात नराचा काळा पोषाख उतरलेला असतो व पक्षी एकेकटा राहतो, म्हणून तो क्वचितच नजरेस पडतो.

त्याला दाट झाडी चालत नाही. सपाट किंवा हलक्या उताराची जमीन, गुडघ्यापर्यंतचे गवत आणि मधूनमधून एखादे खुरटे झुडूप अशी जागा त्याला मानवते. पवन्या, मारवेल, कुसळी अशा गवतांचे जुने माळ हे त्याचे मूळ घर. असे माळ कमी झाल्यामुळे तो आता पिकांत वीण करू लागला आहे. राजस्थानातील अजमेर जिल्ह्यात सोनखलिया परिसरात तर तो मूग व ज्वारीच्या शेतांत नियमित आढळला आहे. पीक गवतासारखे उंच झाले की त्याला ते गवतच वाटते. पण गवत स्वतःहून कापले जात नाही, पीक मात्र ठरल्या दिवशी कापले जाते. या पक्ष्याच्या अडचणीचे मूळ येथे आहे.

नराची उडी

पाऊस चांगला पडून गवत वाढू लागले की नर आपापली जागा धरतात. एका भागात अनेक नर थोड्याथोड्या अंतरावर जागा राखतात. दाट गवतात पाच-पंचवीस पावलांवरचेही दिसत नाही. अशा वेळी मादीला आपला ठावठिकाणा कळवायचा कसा? त्यासाठी नर जागच्या जागी सरळ वर उडी मारतो. गवताच्या वर दीड ते दोन मीटर जाऊन तो पंख झपाट्याने फडफडवितो, मान मागे वाकवितो, पाय आखडून घेतो आणि पुन्हा त्याच ठिकाणी गवतात उतरतो. पंखांच्या टोकाची पिसे विशिष्ट प्रकारे निमुळती असल्यामुळे या वेळी बेडकाच्या आवाजासारखा खरखरीत आवाज निघतो व तो बराच दूरपर्यंत ऐकू येतो.

सकाळी व सायंकाळी या उड्या अधिक होतात. आभाळ ढगाळ असेल तर दिवसभर चालू राहतात. भरात आलेला नर दिवसाला सुमारे ५०० वेळा उडी मारतो. १९८० च्या दशकात पक्षिशास्त्रज्ञ रवी शंकरन यांनी या पक्ष्याच्या विणीच्या सवयींचा बारकाईने अभ्यास केला. तणमोराची गणनाही याच उड्यांवरून केली जाते, कारण गवतातील मादी मोजणे जवळजवळ अशक्य असते.

हीच उडी एकेकाळी त्याच्या जिवावर उठली होती. इंग्रजी अमदानीत बंदूकधारी शिकारी उडणारा नर पाहून नेम धरीत. त्यामुळे विणीच्या ऐन हंगामात मोठ्या संख्येने नर मारले गेले.

अंडी व पिल्ले

मादी गवतात किंवा पिकात जमिनीवर उथळ खळगा करून त्यात बहुधा ३ ते ४ अंडी घालते. काड्याकचऱ्याचे घरटे जवळजवळ नसतेच. अंड्यांचा रंग हिरवट तपकिरी असून त्यांवर गडद डाग असतात, त्यामुळे ती मातीत मिसळून जातात. सुमारे २१ दिवस एकटी मादी अंडी उबविते. नराचा उबवणीत किंवा पिल्ले सांभाळण्यात काहीही सहभाग नसतो.

पिल्ले अंड्यातून निघाल्यावर लवकरच आईमागे चालू लागतात. मात्र उडण्याइतके बळ येण्यास त्यानंतर काही आठवडे लागतात. या काळात धोका वाटला की पिल्लू पळत नाही, जमिनीला चिकटून निश्चल बसते. कोल्हा, ससाणा यांच्यापासून या सवयीमुळे बचाव होतो. विळा, डवरा आणि कापणी यंत्र यांच्यापुढे मात्र हीच सवय घातक ठरते.

खाद्य

तणमोर मिश्राहारी आहे. नाकतोडे, भुंगेरे, मुंग्या, केसाळ व इतर अळ्या, गोम, लहान सरडे व बेडूक हे त्याचे खाद्य. त्याचबरोबर कोवळे अंकुर, बिया व रानफळेही तो खातो. वाढत्या पिल्लांना किड्यांचा आहार भरपूर लागतो आणि पावसाळ्यात गवतात किडे मुबलक असतात. म्हणूनच त्याची वीण पावसाळ्यात होते.

तणमोर आल्याने फवारणीची गरज राहणार नाही असे मात्र कोणी समजू नये. त्याची संख्या आज इतकी थोडी आहे की पिकावरील किडींचा बंदोबस्त एकट्या त्याच्याकडून होणे शक्य नाही. मात्र ज्या वावरात व धुऱ्यावर तणमोराला पुरेसे किडे मिळतात, तेथे तितर, चंडोल, कोतवाल, ढालकिडे, कोळी असे इतर मित्रही टिकून असतात. शेतात आपण इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे लावतो ते कोतवाल व साळुंकीसाठी उपयोगी पडतात. तणमोराला त्यांचा उपयोग नाही, त्याला निर्धोक जमीनच लागते.

संख्या का घटली?

तणमोराच्या संख्येचे आकडे विचार करण्यासारखे आहेत. १९८२ मध्ये सुमारे ४,३७४ पक्षी असल्याचा अंदाज होता. त्यानंतर गुजरात-राजस्थानात लागोपाठ दुष्काळ पडले आणि १९८९ मध्ये हा अंदाज १,६७२ पर्यंत खाली आला. पुढे पाऊसमान सुधारल्यावर १९९९ मध्ये तो ३,५३० पर्यंत चढला. यावरून असे दिसते की गवत शिल्लक असेल तर पाऊस परत येताच हा पक्षी सावरतो.

त्यानंतरची घसरण मात्र पावसामुळे झालेली नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या पुढाकाराने २०१७ मध्ये देशपातळीवर पाहणी झाली. तीवरून सर्व मिळून ७०० पेक्षा कमी पक्षी राहिले असावेत असा निष्कर्ष निघाला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२१ मध्ये तणमोराचा समावेश अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत केला. घटीची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत :

१. गवताळ माळांची नांगरट, त्यांवरील अतिक्रमण आणि ई क्लास जमिनींचा इतर कामांसाठी वापर.

२. माळ म्हणजे पडीक जमीन असे समजून त्यावर केलेली सरसकट वृक्षलागवड. झाडी वाढली की तणमोर ती जागा सोडतो.

३. अति चराईमुळे गवत न वाढणे.

४. ऐन विणीच्या काळात गवताची व पिकाची कापणी.

५. कीटकनाशक व तणनाशकांच्या अतिरेकामुळे खाद्य व आडोसा कमी होणे.

६. मोकाट कुत्री, फासे व जाळी, तसेच माळावरून जाणाऱ्या वीजतारा.

पिकाचे आणि पक्ष्याचे वेळापत्रक

शेतकरी बंधूंनी पुढील दोन वेळापत्रके शेजारी ठेवून पाहावीत. विदर्भात खरिपाची पेरणी जूनच्या उत्तरार्धात ते जुलैच्या आरंभी होते. तणमोराचे नर जुलैमध्ये जागा धरतात. जुलैअखेर ते सप्टेंबरच्या आरंभापर्यंत अंडी घातली जातात. म्हणजे पिल्ले ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत जमिनीवर फिरत असतात.

आता मूग व उडीद घ्या. ही पिके ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघतात, म्हणजे अंडी किंवा अगदी लहान पिल्ले असतानाच. सोयाबीनची सोंगणी सप्टेंबरच्या शेवटी व ऑक्टोबरमध्ये येते, तोवर लवकरची पिल्ले मोठी झालेली असतात, उशिराची मात्र सापडतात. गवताची कापणी फुलोऱ्याच्या वेळी म्हणजे बहुधा सप्टेंबरमध्ये सुरू होते. तेव्हा खरा धोका आहे तो सप्टेंबर महिन्यात.

कुरणाचे नियोजन

फुलोऱ्यात कापलेले गवत सकस असते आणि बी गळून काडी पिकली की त्यातील प्रथिने घटतात, हे खरे आहे. म्हणून 'सर्व गवत ऑक्टोबरपर्यंत ठेवा' असा सल्ला देणे व्यवहार्य नाही. त्याऐवजी पुढीलप्रमाणे करता येईल :

१. कुरणाचे चार भाग पाडावेत. तीन भागांतील गवत नेहमीप्रमाणे फुलोऱ्यात कापावे. चौथा भाग बी गळेपर्यंत राखून ऑक्टोबरच्या मध्यानंतर कापावा. दरवर्षी राखीव भाग बदलावा.

२. राखीव भाग सलग ठेवावा. तुकडे तुकडे ठेवल्यास कुत्र्यांना पिल्ले शोधणे सोपे जाते.

३. जुलै ते सप्टेंबर या काळात राखीव भागात गुरे व शेळ्या सोडू नयेत.

४. जुन्या, चांगल्या गवताळ माळावर झाडांसाठी खड्डे घेऊ नयेत. झाडे बांधावर, नाल्याकाठी व घराशेजारी लावावीत.

यात शेतकऱ्याचा स्वतःचा लाभ आहे. मारवेल, पवन्यासारख्या चांगल्या गवतांचे बी गळू दिले नाही तर कुरण वर्षागणिक विरळ होते व त्याची जागा निकस गवत घेते. चार वर्षांतून एकदा बी गळू दिले की प्रत्येक भागाचे आपोआप पुनर्बीजन होते. म्हणजे तणमोरासाठी राखलेला भाग हा कुरणाचा बियाणे प्लॉटही ठरतो.

पिकात घ्यावयाची काळजी

१. सोंगणी किंवा गवत कापणी शेताच्या मध्यापासून सुरू करून बाहेर कडेकडे जावे. चारही कडांनी कापत आत गेल्यास पक्षी व पिल्ले मधल्या शेवटच्या तुकड्यात कोंडली जातात.

हा उपाय केवळ कल्पनेतला नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर कॉर्नक्रेक नावाचा असाच गवतात वीण करणारा पक्षी गवत कापणीमुळे नाहीसा होत चालला होता. तेथील शेतकऱ्यांना उशिरा व मध्यापासून बाहेर कापणी करण्यासाठी साहाय्य देण्यात आले. १९९३ मध्ये साद घालणाऱ्या नरांची संख्या सुमारे ४८० होती, ती २०१४ मध्ये १,२०० च्या वर गेली.

२. डवरणी, निंदणी किंवा सोंगणी करताना अंडी आढळल्यास हात लावू नये. भोवताली चार-पाच मीटरपर्यंतचे पीक काही दिवस उभे ठेवावे. एवढ्या जागेतील पिकाचे नुकसान होत नाही, ते फक्त उशिरा निघते.

३. अंड्यांजवळ काठी, फडके किंवा झेंडी लावू नये. कावळे व कुत्री अशा खुणेकडेच येतात. धुऱ्यापासून तासे मोजून जागा लक्षात ठेवावी.

४. पिकाचे नियमित निरीक्षण करून किडींनी आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तरच विद्यापीठाच्या शिफारशीनुसार फवारणी करावी. सुरुवातीच्या अवस्थेत ५ टक्के निंबोळी अर्काचा वापर करावा. धुऱ्यावरील गवतावर कीटकनाशक किंवा तणनाशक मारू नये.

५. सलग सोयाबीनऐवजी तूर, मूग, उडीद, ज्वारी यांची आंतरपिके वा पट्टे घ्यावेत. सर्व शेत एकाच दिवशी मोकळे होत नसल्याने पक्ष्यांना सरकण्यास जागा राहते.

६. राखणीची कुत्री ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माळावर मोकळी सोडू नयेत.

गावाने ठरविले तर

मध्य प्रदेशात रतलाम जिल्ह्यात सैलाना व धार जिल्ह्यात सरदारपूर येथे १९८३ मध्ये तणमोरासाठी अभयारण्ये स्थापन झाली. तेथे आपल्या शेतात तणमोर असल्याची खबर देऊन त्याला सांभाळणाऱ्या शेतकऱ्यास बक्षीस देण्याची पद्धत वन विभागाने अवलंबिली. अभयारण्याच्या हद्दीबाहेर पिकात येणारा पक्षी वाचवायचा तर शेतकऱ्याचीच मदत घ्यावी लागते, हा त्यातील बोध आहे.

आपल्या अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजाला सोबत घेऊन तणमोराच्या रक्षणाचे काम झाले आहे. तितर, लाव्यांच्या मागावर पिढ्यान् पिढ्या फिरलेल्या या लोकांइतके गवतातील पक्ष्यांचे ज्ञान दुसऱ्या कोणाकडे क्वचितच असेल. माग काढण्याची हीच विद्या पक्षी शोधण्यासाठी व राखण्यासाठी कामी आली. आपल्या गावाजवळ असे जाणकार असतील तर त्यांची मदत जरूर घ्यावी. ई क्लास जमिनीवरील गवताचा एक भाग पावसाळ्यात चराईबंद ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत करता येतो. त्यात गुराख्यांना व भूमिहीन पशुपालकांना सहभागी करून घ्यावे आणि कापलेल्या चाऱ्यात त्यांचा वाटा ठरवावा, अन्यथा असे ठराव कागदावरच राहतात.

कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तणमोर अनुसूची १ मध्ये असल्याने त्याची शिकार करणे, त्याला पकडणे किंवा त्याची अंडी उचलणे हा गंभीर गुन्हा आहे. त्यासाठी ३ ते ७ वर्षे कैद व दंडाची तरतूद आहे. आपल्या शेतात पक्षी आला म्हणून शेतकऱ्याची जमीन वन विभागाकडे जाते हा समज मात्र चुकीचा आहे. त्यामुळे पक्षी दिसल्यास ही गोष्ट लपवून न ठेवता वनरक्षकास किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयास कळवावी. तारीख, शेताचे ठिकाण, पीक आणि नर की मादी एवढी नोंद पुरेशी असते. फोटोसाठी पाठलाग करणे टाळावे.

समारोप

तणमोराला शेतकऱ्याकडून वर्षाचे बारा महिने नको आहेत, जुलै ते सप्टेंबर असे तीन महिने हवे आहेत. त्यातही कुरणाचा चौथा हिस्सा, धुऱ्यावरचे थोडे गवत आणि कापणीची बदललेली दिशा एवढ्यावर त्याचे भागते. १९८९ नंतर तो एकदा सावरला होता, कारण तेव्हा पाऊस परतला तसे गवतही शिल्लक होते. आता पाऊस आपल्या हाती नाही, पण गवत आहे. येत्या खरिपात गवताला विळा लावण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी एकदा धुऱ्यावर उभे राहून सकाळच्या वेळी कान द्यावा. गवतातून खरखरीत आवाज येऊन काळा-पांढरा पक्षी वर उसळताना दिसला, तर कुरणाचा तो भाग त्या वर्षीचा राखीव चौथा भाग म्हणून ठरवावा.